मऊ पाण्याची कॉफी

तोर्स्ती लेह्तोकारीच्या स्वयंपाकघरातले कॉफीचे यंत्र एप्रिलच्या मध्याला कण्हू लागले, आणि तोर्स्तीने ते मनाला लावून घेतले. आधी एक लांब उसासा, मग घशात अडकलेल्या वाक्यासारखी घरघर, मग वाफेचा फूत्कार, आणि एवढ्या नाट्यानंतर काचेच्या भांड्यात चार थेंब. तळ्यावरचा बर्फ फुटण्याचे ते दिवस. खिडकीबाहेर अख्खे तळे कडाकडा मोकळे होत होते, आणि घरात भांडेभर पाणी वीतभर नळी चढायला तयार नव्हते.

"चुनखडी बसलीय आत," शब्दकोड्यातून मान वर न करता इर्मेली म्हणाली.

तोर्स्तीने रिकामा कप टेबलावर ठेवला. फार हळू ठेवला. लग्नाला इतकी वर्षे झालेल्या बाईला या हळूपणाचा अर्थ कळायला हवा होता.

"काय म्हणालीस?"

"चुनखडी. व्हिनेगर घाल, निघून जाईल."

"इर्मेली," तोर्स्ती म्हणाला, "या शहराच्या पाण्यात चुनखडी नाही."

हे वाक्य तो उगाच बोलत नव्हता. कोइवुलाह्तीच्या पाणीखात्यात त्याची उभी हयात गेली होती. तो खात्यातून निवृत्त झाला, पण खाते त्याच्यातून निवृत्त झाले नव्हते. स्थानिक वृत्तपत्रात नागरिकांच्या शंका छापून येत आणि त्याखाली त्याच्या सहीचे उत्तर येई: 'आपले पाणी मऊ आहे. घरगुती उपकरणांतील क्षार काढण्याची आवश्यकता नाही.' काही माणसे आयुष्यभर एकच कविता लिहितात. तोर्स्तीची कविता ही होती, आणि सबंध शहराला ती पाठ होती. त्याच शहरात, त्याच सहीच्या माणसाने, आपल्याच यंत्रात व्हिनेगर ओतायचे? त्यापेक्षा चहा प्यायला लागलेला बरा.

यंत्राचा दोष नसणार, हे त्याला ठाऊक होते, कारण यंत्रात दोष असायला जागाच नव्हती. त्या साध्या ठिबकयंत्रात पंप नसतो, चक्र नसते. मागच्या टाकीतले पाणी बुडाशी असलेल्या नळीत उतरते. नळीलगतची तार तापते. थोडेसे पाणी उकळते आणि त्याचे बुडबुडे उरलेल्या पाण्याला ढोसून वर, कागदी गाळणीतल्या कॉफीवर नेऊन टाकतात. उकळलेले पाणी मागे फिरू नये म्हणून वाटेत एक लहानशी गोळी असते; ती पाण्याला येऊ देते, जाऊ देत नाही. इर्मेलीच्या मते तिचा नवराही याच रचनेवर बेतलेला होता. तळाशी जरासे काही उकळायचे आणि सगळा माणूस वर यायचा. परतीची वाट बंद.

तर त्याने आधी कॉफीला दोष दिला आणि पुडा बदलला. मग गाळणीच्या कागदाला दोष दिला. मग विजेला; वीजकंपनीला फोन करून त्याने विचारले की अलीकडे दाब कमी झाला आहे का. पलीकडच्या मुलीने आस्थेने विचारले, "तुमचे दिवे मंद जळतायत का?" दिवे छान जळत होते. दिव्यांचाही त्याला राग आला.

एरवी त्याने आणखी महिनाभर विजेशी भांडण चालवले असते. पण त्याच आठवड्यात जिन्यात सूचना लागली. वसंतातल्या श्रमदानाचा शनिवार ठरला होता. सोसायटीच्या चारही मजल्यांनी दाताळी घेऊन उतरायचे, हिवाळाभर साचलेली वाळू आणि कुजकी पाने गोळा करायची, सॉसेज भाजायची आणि मग कॉफी प्यायची. ही कॉफी लेह्तोकारींच्या घरून खाली येई. तसा नियम कुठे लिहिलेला नव्हता, आणि म्हणूनच तो मोडणे आजवर कुणाला सुचले नव्हते. परंतु यंदा वुओक्को सार्विलाह्ती अध्यक्ष झाली होती. ती विमा कंपनीत होती आणि तिला नियम लिहायला आवडत. सूचनेच्या तळाशी एक ओळ होती: 'कॉफीच्या व्यवस्थेबाबत नव्याने विचार सुरू आहे.'

तोर्स्तीने ती ओळ तीनदा वाचली. सत्तापालट अशाच वाक्यांनी होतात, असे त्याला वाटले; कर्मणी प्रयोगात, करणाऱ्याचे नाव न घेता.

त्याने वुओक्कोला जिन्यातच गाठले. "कोणता नवा विचार?"

"अरे, काही नाही," वुओक्को म्हणाली. "माझ्याकडे कॅप्सूलचं यंत्र आहे ना, ते खाली आणीन म्हणते. बटण दाबलं की कप तयार. तुला आणि इर्मेलीला किती वर्षं राबवायचं आम्ही?"

"आम्ही राबत नाही. आम्ही कॉफी करतो."

"तेच रे. आता विश्रांती घ्या."

विश्रांती! या देशात म्हाताऱ्या माणसाला बाजूला सारण्यासाठी याहून सभ्य शब्द उपलब्ध नाही. "कॉफी आमच्याच घरून येईल," तोर्स्ती म्हणाला, आणि दार लावून घेतल्यावर त्याच्या लक्षात आले की आत यंत्र कण्हते आहे.

सल्ला मिळाला तो सोसायटीच्या सौनामध्ये, म्हणजे वाफेच्या न्हाणीत. गुरुवारी पुरुषांची पाळी असे, आणि खालच्या मजल्यावरचा रेइयो कुओक्का वरच्या फळीवर बसून घाम गाळत सगळ्या जगाची दुरुस्ती करी. एरवी हा माणूस जिन्यात मान हलवण्यापलीकडे बोलत नसे. पण कपडे उतरले की त्याची मते चढत.

"कण्हतंय म्हणजे आत काहीतरी अडकलंय," रेइयो म्हणाला.

"काय अडकलंय?"

रेइयोने तोर्स्तीकडे पाहिले, मग तापलेल्या दगडांवर पळीभर पाणी ओतले आणि वाफ खाली बसू दिली. "काहीही असेल," तो म्हणाला. "किडा असेल. तू असं कर, उलटं कर आणि बुडावर थापट मार. माझ्या मेव्हण्याचा रेडिओ असाच सुरू झाला होता."

तोर्स्तीने यंत्र उलटे केले आणि थापट मारली. टाकीच्या तळाशी उरलेले पाणी त्याच्या लोकरी मोज्यांत गेले. किडा निघाला नाही.

मग त्याने यंत्र उघडायचे ठरवले. बुडाचे स्क्रू साध्या खाचेचे नव्हते. कंपनीने मुद्दाम तीन पाकळ्यांची खाच केली होती, जेणेकरून सभ्य माणसाने आपल्याच मालकीच्या वस्तूच्या आत डोकावू नये. त्या खाचेचा पेचकस आणायला तो शहराच्या दुसऱ्या टोकाला गेला आणि वाटभर कंपनीला उद्देशून भाषण करत गेला. शेवटी बूड निघाले. तारेला चिकटलेली नळी दिसली, आणि नळीच्या तोंडाशी, जुन्या झऱ्याच्या काठावर असतो तसा, पांढुरका, खडबडीत थर दिसला.

तोर्स्तीने तो थर नखाने खरवडून पाहिला.

"अ‍ॅल्युमिनियम जुनं झालं की असं होतं," तो अखेर मोठ्याने म्हणाला. खोलीत कोणी नव्हते.

त्याच क्षणी नळीतून ती एकमार्गी गोळी निसटली, टेबलावरून जमिनीवर पडली आणि टप्पे खात चुलीखाली गेली. त्याने पट्टी फिरवून पाहिली. हाती एक वाळलेला वाटाणा लागला. त्याला वाटले, हीच. बसवून पाहिली, नाही बसली. मग त्याने व्हॅक्यूम क्लीनरचे तोंड चुलीखाली घातले. आत काहीतरी टणकन वाजत गेले. व्हॅक्यूमची पिशवी त्याने जेवणाच्या टेबलावर, वर्तमानपत्र पसरून, उघडली. अख्ख्या हिवाळ्याची धूळ, ख्रिसमसच्या झाडाच्या सुया, इर्मेलीची हरवलेली कानातली कुडी आणि शेवटी गोळी.

"माझी कुडी!" दारात उभी राहून इर्मेली म्हणाली. "तोर्स्ती, तू इतकी वर्षं घरात एवढं उपयोगी काम केलं नव्हतंस."

गोळी धुऊन बसवली, यंत्र पुन्हा जुळवले, कळ दाबली. ते आधीसारखेच कण्हले. बहुधा जरा जास्तच, कारण आता त्याचाही अपमान झाला होता.

उरला कंपनीचा मदत क्रमांक. तिथे एका अदृश्य स्त्रीने त्याला बँकेच्या संकेतशब्दांनी आपली ओळख पटवायला सांगितले, जणू तो कॉफीबद्दल नव्हे तर वारसाहक्काबद्दल विचारत होता. ओळख पटली. "आपण उपकरणातील क्षार नियमितपणे काढता का? होय किंवा नाही म्हणा."

"आमच्या पाण्यात क्षार नाहीत."

"क्षमा करा, मला समजले नाही. होय किंवा नाही म्हणा."

"प्रश्नच चुकीचा आहे!"

"आपण 'नाही' निवडले आहे. अशा वेळी हमी लागू होत नाही. आपला दिवस आनंदात जावो."

त्याने फोन ठेवला तेव्हा इर्मेली शिंकत होती. बर्च झाडांचे पराग सुटले होते. दर वसंतात तिचे नाक असे बंद होई की जळते दूधसुद्धा तिला डोळ्यांनी ओळखावे लागे.

त्यात वुओक्को दारात आली. जिन्यात तोर्स्तीच्या हातातला पेचकस पाहिलेल्या रेइयोकडून बातमी पोचली होती. "तोर्स्ती, तू ते यंत्र उघडलंस म्हणे."

"माझं आहे. उघडलं."

"विजेचं उपकरण, परवाना नसलेल्या माणसाने उघडलेलं. ते सोसायटीच्या कार्यक्रमात वापरलं आणि काही झालं, तर विमा देणार नाही. मी तुझ्या भल्यासाठीच सांगतेय."

"ते माझ्या स्वयंपाकघरात चालेल. अंगणात थर्मास येईल. थर्माससाठी परवाना लागतो?"

वुओक्कोने क्षणभर विचार केला. तिला खात्री नसावी. "बरं बाबा. मग दोन्ही ठेवू. तुझा थर्मास आणि माझं यंत्र. लोक काय घेतात ते बघू, आणि पुढच्या वर्षीपासून तसं."

म्हणजे आता हा सरळसरळ कौल होता. शुक्रवारी सकाळी यंत्राने अर्धे भांडे कॉफी करायला इतका वेळ लावला की इर्मेलीचे शब्दकोडे सुटून गेले. तोर्स्तीने कोट चढवला, टोपी डोळ्यांवर ओढली आणि तो दुकानात गेला.

व्हिनेगरची बाटली एकटी घेणे म्हणजे कबुलीजबाब. म्हणून त्याने टोपलीत तिच्यावर काकड्या रचल्या, शेपूची जुडी ठेवली, मोहरीही घेतली. लोणचे घालणारा निरपराध गृहस्थ दिसेल अशी त्याची रचना होती. गल्ल्यावरच्या बाईने बाटली उचलली, त्याच्याकडे पाहिले, बाटली पुन्हा खाली ठेवली आणि जरा घाईने म्हणाली, "लोणचं वाटतं?"

"लोणचं," तोर्स्ती म्हणाला.

"छान," बाई म्हणाली. रांगेतले सगळे एकदम च्युइंगमकडे पाहू लागले. कोइवुलाह्तीमध्ये एप्रिलात कोणी काकडीचे लोणचे घालत नाही.

शनिवारी इर्मेली वेलदोड्याचे गोड पाव भट्टीत सरकवत होती, तेव्हा त्याने तिच्या पाठीमागे टाकीत अर्धे व्हिनेगर आणि अर्धे पाणी ओतले. बाटलीवरच्या सूचना त्याने पाठ केल्या होत्या: अर्धे मिश्रण वर जाऊ द्या, मग यंत्र बंद करून थांबा, आम्लाला आपले काम करू द्या, मग उरलेले सोडा, आणि शेवटी दोन वेळा निव्वळ पाण्याने. त्याने कळ दाबली. यंत्र कण्हले, थांबले, आणि मग आतून काहीतरी सुटल्याचा आवाज आला. काचेच्या भांड्यात पांढऱ्या पापुद्र्यांचे पाणी उतरू लागले. पापुद्रे गिरक्या घेत तळाशी बसले. ते फार सुंदर दिसत होते. आणि ते पाहता पाहता तोर्स्तीला, छातीवर दगड पडावा तसे, आठवले.

तळ्याचे पाणी मऊ होते, हे खरेच. इतके मऊ की ते लोखंडी नळ खात असे. म्हणून पाणीखाते त्यात चुनखडी मिसळत असे: थोडी, मापून, नळांच्या भल्यासाठी. त्या मापाच्या कागदावर दर वर्षी सही कोणाची होती? जे गंज थांबवण्याइतके आहे ते यंत्रात साचण्याइतके कधीच असणार नाही, असे त्याने गृहीत धरले होते. आणि गृहीत गोष्टींना वर्षे मोजता येत नाहीत. त्याच्या नोकरीचा सगळा गाळ त्या भांड्यात तरंगत होता.

त्याने भांडे ओतून दिले, विसळले, जागेवर ठेवले, यंत्र बंद केले. आता थांबायचे होते. परंतु खिडकीतून त्याला दिसले की वुओक्को विजेची लांब वायर सायकलींच्या खोलीतून ओढत अंगणात आणते आहे. "ती वायर बाहेर वापरण्याजोगी आहे का, बघू तरी हिचा विमा काय म्हणतो!" म्हणत तो जिना उतरला.

वायरीवरून झालेल्या वादाचा तपशील देण्यात अर्थ नाही. तो लांबला, एवढे पुरे. वर इर्मेलीने पाहिले: यंत्राची टाकी निम्मी भरलेली, भांडे स्वच्छ, नवरा गायब. म्हणजे पाणी भरून गेला बिचारा. तिने टाकी भरेल एवढे पाणी वरून घातले, कागद लावला, कॉफी टाकली आणि कळ दाबली. यंत्र मुळीच कण्हले नाही. ते गुणगुणत होते. "बघ, आपोआप बरं झालं," ती नाक पुसत स्वतःशी म्हणाली. कॉफी थर्मासात भरली, पाव टोपलीत ठेवले आणि खाली घेऊन आली.

पाने गोळा झाली होती. दाताळी भिंतीला टेकली होती. लांब टेबलाच्या एका टोकाला वुओक्कोचे चकचकीत यंत्र होते, त्याच्या पुढच्या बाजूला शोभेचे एक मोठे फूल चिकटवलेले. दुसऱ्या टोकाला लेह्तोकारींचा थर्मास. माणसे घुटमळली. मग रेइयो पुढे झाला आणि त्याने थर्मासचा दट्ट्या दाबला. त्याच्यामागे सगळी रांग लागली. वुओक्कोसुद्धा.

तोर्स्तीने आपला कप भरला नाही. यजमानाने शेवटी प्यायचे असते. तो दाताळ्याला टेकून उभा राहिला आणि विजय पाहत राहिला. रेइयोने घोट घेतला. त्याच्या मानेची शीर हलली. तो तळ्याकडे पाहू लागला. वुओक्कोने घोट घेतला; ती आभाळाकडे पाहू लागली. तिसऱ्या मजल्यावरच्या जोडप्याने एकमेकांकडे न पाहता पाव घेतले. कोणी काही बोलले नाही. पण कॉफी पिताना बोलावे असे कोणालाच कधी वाटत नसे, तेव्हा हे शांत समाधान त्याला नेहमीचेच वाटले. शिवाय सगळ्यांनी दुसरा कप घेतला. दुसरा कप न घेणे म्हणजे यजमानाच्या तोंडावर दार आपटणे. तरी आज कोणी अर्धा घेतला नाही, पूर्ण घेतला. तोर्स्तीने दाताळे बाजूला ठेवले. मग त्याने आपला कप भरला आणि प्यायला.

थोडा वेळ त्याला वाटले, आपल्याला झटका आला आहे.

"इर्मेली," तो म्हणाला, "टाकीतलं पाणी..."

"तूच भरलं होतंस ना?" इर्मेली म्हणाली, आणि त्याचा चेहरा पाहून तिने थर्मासचे झाकण काढून नाकाशी नेले, ज्याचा काही उपयोग नव्हता. "काय झालं? माझं काही चुकलं का?"

सगळे अंगण आता कपांच्या तळाशी पाहत होते. तोर्स्तीला कळले की दोन वाटा आहेत. एक: बायकोचे नाक बंद आहे, तिची गफलत झाली, हसा आणि विसरा. सगळे विसरतील, विसरण्यात ही माणसे तरबेज होती. इर्मेलीचे नाक लाल झाले होते आणि हातात पावांची टोपली तशीच होती.

"तिने काही केलेलं नाही," तोर्स्ती म्हणाला, आणि मग ते तळाशी उकळलेले एकदम वर आले. "व्हिनेगर मी ओतलं! यंत्रात चुनखडी होती! आपल्या पाण्यात चुनखडी आहे, कारण आम्हीच ती घालत होतो, आणि सही माझी होती! झालं समाधान? आणि तुम्ही! दोन-दोन कप प्यायलात! एकाच्याही तोंडात जीभ नाही?"

दूर तळ्यावर बर्फाचा एक तुकडा फुटला.

"मला वाटलं, हलकी भाजलेली आहे," रेइयो म्हणाला.

"हलकी भाजलेली!"

"आणि चुनखडीचं म्हणशील," रेइयो दाताळ्याच्या दातांना उद्देशून म्हणाला, "तर ते माहीत आहे आम्हाला. आम्ही दर दोन महिन्यांनी काढतो. सगळेच."

"सगळेच?"

रेइयोने मान हलवली. तिसऱ्या मजल्यावरची बाई म्हणाली, "आम्ही व्हिनेगर शेजारच्या गावातून आणतो. इथल्या दुकानात तू दिसतोस कधी कधी."

"तुला कशाला दुखवायचं," रेइयो म्हणाला. "पेपरात इतकं छान लिहायचास."

तोर्स्ती आयुष्यात अनेकदा रागावला होता, पण ते सगळे राग या रागापुढे तालीम होते. फसवले असते तर त्याने फसवणाऱ्यांशी भांडण केले असते. या लोकांनी त्याला सांभाळले होते. वर्षानुवर्षे, बाटल्या कोटाखाली लपवून, एका शब्दाने न बोलता. याची तक्रार कोणत्या खात्याकडे करायची? त्याने गर्रकन तोंड फिरवले, आणि समोर वुओक्कोचे यंत्र आले. चिकटवलेल्या फुलाच्या पाकळीखाली काहीतरी लुकलुकत होते. त्याने फूल ओढून काढले. नारिंगी दिवा.

"हे काय?"

वुओक्कोचे कान लाल झाले. "क्षार काढा म्हणतंय. नाताळपासून."

"मग काढले का नाहीस?"

"मी तुझ्या अगदी डोक्यावरच्या मजल्यावर राहते, तोर्स्ती. वास खाली येतो. म्हणून उन्हाळ्यात तू कॉटेजवर जाशील तेव्हा काढणार होते. पुस्तिकेत म्हटलंय व्हिनेगर चालत नाही, कंपनीचं औषध लागतं, आणि त्यालाही वास असतो."

"मग औषध आण! आज आण! आणि नंतर निव्वळ पाण्याने धू, दोनदा, ऐकलंस? दोनदा! आणि वापरून झालं की टाकीचं झाकण उघडं ठेवत जा, आत वाळू दे! यंत्र म्हणजे काय शवपेटी आहे, कायम झाकून ठेवायला?"

"मला येत नाही ते," वुओक्को पुटपुटली. "दोन बटणं एकदम दाबायची असतात."

"वर घेऊन ये. माझ्या स्वयंपाकघरात."

"परवाना..." वुओक्कोने सुरुवात केली, त्याच्याकडे पाहिले, आणि वायर गुंडाळू लागली.

"माझंही आणू का?" रेइयोने विचारले. "व्हिनेगर घालूनही उन्हाळ्यापासून जरा घरघरतंय. मी थापट मारून पाहिली."

"आण!" तोर्स्ती ओरडला. "सगळे आणा!" आणि तो तरातरा जिन्याकडे निघाला.

"तोर्स्ती," मागून इर्मेली म्हणाली. ती मोठ्याने बोलली नव्हती. तिने त्याचा कप पुन्हा भरला होता आणि तो टेबलाच्या कडेला ठेवला होता. "तुझा दुसरा कप राहिला."

अंगणातल्या सगळ्यांनी घेतला होता. तोर्स्ती परत आला. त्याने कप उचलला, आणि उभ्या उभ्या, प्रत्येकाकडे आळीपाळीने रागाने पाहत, तळापर्यंत रिता केला.

"ही कॉफी अत्यंत वाईट आहे," तो म्हणाला.

या सोसायटीच्या अंगणात हे वाक्य आजवर कोणी उच्चारले नव्हते. मग रेइयोने आपल्या कपातला उरलेला घोट पानांच्या ढिगावर ओतला आणि मोठा श्वास सोडला.

"वाईट आहे खरी," तो म्हणाला, आणि एकामागून एक सगळ्यांनी आपले कप त्याच ढिगावर रिकामे केले.